नारायणराव उठेनात

डॉक्टरांनी नारायणरावांना बजावलं होतं, रोज चाला, पण चढ चढू नका. तुळजापुरात हे दोन्ही एकदम पाळायचं म्हणजे पंचाईत. पण नारायणराव गणिताचे रिटायर मास्तर. त्यांनी तोड काढली. शुक्रवारी सकाळी ते घाट पायी उतरले, खालून रिक्षानं वर आले, आणि दम लागला नाही म्हणून पुन्हा उतरले. मग तिसऱ्यांदाही. उतारावर कसले कष्ट, पाय आपसूक पडतात, असं त्यांनी घरी येऊन सगळ्यांना ऐकवलं. नात मैथिली पुण्यात स्नायूंमधल्या प्रथिनांवर संशोधन करायची, ती सुट्टीला आली होती. "परवा बोलू, आजोबा," एवढंच ती म्हणाली.

शनिवारी मांड्या भरून आल्या. रविवारी तर ते जिना कठडा धरून उलटे उतरले. आणि नेमकी त्याच दिवशी नातू कैवल्यच्या लग्नाची बोलणी करायला मुरुमची मंडळी येणार होती.

मुलगी, नीरजा, सगळ्यांच्या पसंतीची होती. अडलं होतं ते लग्न कुठं करायचं यावर. मुरुमकरांकडून बोलत होती नीरजाची आत्या चारुशीलाबाई, तहसील कचेरीतली हेडक्लार्क. लग्न मुरुमलाच, असं तिनं चहाच्या आधीच सांगून टाकलं. कैवल्यचे वडील तुळजापुरावर अडून राहिले. नारायणरावांना खरं तर कुठलंही गाव चाललं असतं. आपण थोरले, उठून सुपारी द्यावी आणि विषय मिटवावा, असं त्यांनी मनाशी ठरवलं. सतरंजीवर ते बसले नव्हते, धपकन पडले होते. आता उठायला गेले, तर मांड्यांनी साफ नकार दिला. तोंड वाकडं झालं आणि ते पुन्हा खाली टेकले.

चारुशीलाबाईंना वाटलं, म्हातारबांचा पारा चढला. तिनं आवाज खाली आणला आणि मुहूर्त तुमच्या सोयीनं धरू म्हणाली. नारायणरावांनी पुन्हा जोर केला. तोंडून कळेसरशी "अंहं" निघालं.

"बरं बाबा, लग्न तुळजापूरला," ती म्हणाली.

कैवल्यच्या वडिलांनी खुशीत येऊन नारायणरावांच्या मांडीवर थाप मारली. म्हातारबा असे कळवळले, की त्यांचं अजून समाधान झालं नाही असं समजून जेवणाचा बेतही तुम्हीच ठरवा, हे मुरुमकरांनी आपण होऊन कबूल करून टाकलं.

आता मात्र नारायणरावांना लाज वाटली. "बाई, मी अडून बसलो न्हाय," ते म्हणाले. "मला उठताच येईना झालंय. घाट उतरलो परवा."

चारुशीलाबाईंना ते पटेना. चढून पाय दुखले तर समजतं, उतरून कसे दुखतील? शेवटी मैथिलीला मधे पडावं लागलं. उतरताना मांडीचा स्नायू अंग तोलायला आवळतो, आणि त्याच वेळी ताणलाही जातो, असं तिनं सांगितलं. त्यातले नाजूक धागे त्या ओढीनं दुखावतात. पण शेजारशेजारच्या धाग्यांना डेस्मिन नावाचं प्रथिन एकमेकांशी बांधून ठेवतं, बाजेच्या आडव्या विणीसारखं. डिस्ट्रोफिन नावाचं दुसरं प्रथिन धाग्यांची वीण वरच्या आवरणाशी घट्ट धरून ठेवतं. हे दुसरं नसतं, तर एवढ्या ओढीत किती तरी जास्त फाटलं असतं. काही पोरांना जन्मतःच डिस्ट्रोफिन नसतं, त्यांचे स्नायू रोजच्या चालण्यानंही झिजत जातात. आजोबांचे आठवड्याभरात भरून येतील, आणि पुढच्या वेळी उतार एवढा बाधणार न्हाय.

"म्हणजे रुसले न्हाईत ते?" चारुशीलाबाईंनी विचारलं.

"न्हाय," मैथिली म्हणाली.

"मग लग्न मुरुमला."

नारायणरावांनी बसल्या जागेवरूनच सुपारी पुढं केली. तिनं ती घेतली, पदर खोचला, आणि एक हात आपण धरून, दुसरा कैवल्यला धरायला लावून त्यांना उभं केलं. उभे राहिल्यावर पुन्हा बसायची काही त्यांची छाती होईना. जेवणाची पानं मांडली तरी ते भिंतीला टेकून उभेच. थोरला उभा असताना बसायचं कसं, म्हणून मुरुमकरही उभे राहिले. मग तुळजापूरकरांनाही बसवेना. सगळ्यांनी ताटं हातात घेतली. पुरणपोळी उभ्यानं खाताना तूप कोपरापर्यंत ओघळत होतं, आणि चारुशीलाबाई सोबत आलेल्या नीरजाच्या कानात म्हणाली, की घर चांगलं आहे, फक्त घाटापासून जरा जपून राहा.