होबर्टने काय ओढलं?

ओलेटा क्रंप माझ्या गॅरेजात आली ती गाडी चालवत नव्हती, गाडीची समजूत काढत होती. गिअर आपोआप बदलणारा पिकअप ट्रक तो, पण दुसऱ्यातून तिसऱ्यात जायची वेळ आली की असा किंचाळायचा, की शेजारच्या रानातल्या गाई उठून उभ्या राहायच्या. मग क्षणभर काहीच नाही. आणि मग पाठीत लाथ बसावी तसा धक्का. चौथा गिअर तर पडतच नव्हता. तीन मैलांत आपला चष्मा पाच वेळा मांडीत पडला, असं ती म्हणाली. मी सात वेळा सांगतो, कारण आता गोष्ट माझ्या हातात आहे.

"लूथर," ती उतरता उतरताच म्हणाली, "ही म्हातारपणानं गेली की कुणी मारली, एवढंच मला सांग."

"अजून गेलेली नाही. आधी बस तरी."

"बसायला वेळ नाही. रविवारच्या आत कळायला हवं."

रविवारचं मला माहीत होतं. सगळ्या गावालाच माहीत होतं. होबर्ट टिंगल, चर्चमधला आमचा डीकन, दर आठवड्याला देणगीची थाळी फिरवणारा, कडक इस्त्रीचा माणूस, त्यानं ओलेटाला मागणी घातली होती. रविवारी चर्चच्या अंगणातल्या वार्षिक जेवणात ती उत्तर देणार होती. कोणती बाई कोणता केक आणणार हेसुद्धा ठरून गेलं होतं.

आणि ट्रक डॉयलचा. डॉयल म्हणजे ओलेटाचा नवरा. त्याला जाऊन चार वर्षं झाली.

"चार वर्षांत ही एकदा अडली नाही," ओलेटा म्हणाली. "बर्फ पडलं तेव्हा नाही, घोडी दवाखान्यात नेली तेव्हा नाही. आणि नेमकी याच आठवड्यात अडावी? मला वाटतं, डॉयलच सांगतोय. पुरे झालं ओलेटा, जा आता." तिनं बॉनेटवर हात ठेवला. "वयानं गेली असेल, तर मी होबर्टला हो म्हणते. ठरलं माझं."

आता माझा यात काही स्वार्थ नव्हता. म्हणजे होता, पण तो चाळीस वर्षांचा जुना. त्याला गंज चढलेला होता. तो बाजूला ठेवून मी कामाला लागलो.

"या आठवड्यात गाडी कुणी नेली होती का?"

"होबर्टनंच. बहिणीचा सोफा आणायला, एल्बर्टनहून. सोमवारी नेली, मंगळवारी आणली. धुऊन, टाकी भरून, सीटवर पीचचा केक ठेवून. रीतीप्रमाणे." तिनं भुवई वर केली. "का रे?"

"ओझं किती होतं म्हणाला?"

"दीडशे पौंड असेल नसेल."

मी मनातल्या मनात आकडा दुप्पट केला. आमच्या भागातले पुरुष मासा दुप्पट सांगतात आणि ओझं अर्धं. मी स्वतः सांगतो.

इंजिन चालू ठेवून गिअरबॉक्सची डिपस्टिक ओढली आणि पांढऱ्या कागदावर पुसली. चांगलं ऑइल चेरीसारखं लाल असतं. हे आलं ते सकाळपासून चुलीवर विसरलेल्या कॉफीसारखं. मी ते नाकाशी नेलं. एवढा करपट वास, की माझ्या मिशीचा उजवा भाग जागच्या जागी पांढरा झाला. डावा आधीच पांढरा होता म्हणून बरं, नाहीतर विदूषक दिसलो असतो.

मग गाडीच्या संगणकाला माझं वाचायचं यंत्र जोडलं. त्यानं दोनच गोष्टी सांगितल्या. गिअर घसरतोय, आणि ऑइल उकळलं होतं.

"ऑइल उकळतं?" ओलेटा म्हणाली.

"उकळवलं की उकळतं."

गाडी वर उचलली, निवू दिली आणि गिअरबॉक्सखालचं पॅन सोडवलं. त्यात एक चुंबक असतं, लोखंडाचा कीस धरून ठेवायला. त्याच्यावर राखाडी लव होती, माझ्या कानात आहे तशी. मी ती बोटावर घेऊन ओलेटाला दाखवली.

"हे वय. एवढंच. या वयाला शोभेल इतकं."

ओलेटाचा चेहरा सैल झाला. मग मी पॅन तिरकं केलं. तळाशी काळ्या खपल्यांचा चिखल. क्लच प्लेटांचं अस्तर जळून, सोलून पडलेलं.

"आणि हे वय नाही, बाई. वय वर्षानुवर्षं येतं. हे एका दुपारात आलंय. कुणीतरी डोंगराएवढं ओझं लावून, चढावर, वरच्या गिअरमध्ये गाडी ओढलीय. गाडी चौथ्यातून तिसऱ्यात, तिसऱ्यातून चौथ्यात उड्या मारत राहिली, आणि चालवणारा गाणं ऐकत बसला."

"पण त्यासाठी बटण आहे, डॉयलनं दाखवलं होतं ना," ती हळूच म्हणाली.

गाडी खाली उतरवून आम्ही आत पाहिलं. ते बटण गिअरच्या दांड्याच्या टोकाला होतं. ओझं ओढताना ते दाबलं की गाडी वरच्या गिअरकडे धावत नाही. त्याच्या शेजारी डॉयलनं लाल चिकटपट्टी लावून आपल्या वाकड्या अक्षरात लिहून ठेवलं होतं: 'ओझं असलं की दाब, ओलेटा.' गाडी बाहेरून आरशासारखी धुतलेली होती. पण बटणावर महिनोन्महिन्यांची धूळ होती. बोटाचा ठसासुद्धा नव्हता.

मी मागे गेलो. ट्रेलर अडकवायचा आकडा नाक घासत वाकलेला. मागचे स्प्रिंगचे पाटे असे बसलेले, की गाडी आकाशाकडे बघत उभी. आणि मागच्या हौद्याच्या कोपऱ्यात, पाण्याची नळी पोचली नव्हती तिथे, करडी चकचकीत भुकटी. आमच्याकडे ती ओळखायला चष्मा लागत नाही. निम्म्या गावाचे बाप ती कॉलरवर घेऊन एल्बर्टनच्या खाणीतून घरी यायचे.

ओलेटानं ती चिमटीत धरली.

"लूथर, ग्रॅनाइटचा सोफा असतो का?"

मी उत्तर देणार इतक्यात दारात होबर्टची मोटार उभी राहिली.

"अरेरे, बंद पडली वाटतं म्हातारी!" तो म्हणाला. "मी म्हटलंच होतं, जुनं सामान आहे. लग्नानंतर विकून टाकू."

"डीकनसाहेब," मी म्हटलं, "सोफा कुठे ठेवलात?"

होबर्टनं माझ्याकडे पाहिलं, ओलेटाकडे पाहिलं, तिच्या चिमटीतल्या भुकटीकडे पाहिलं. मला वाटलं घाबरेल. पण हा माणूस लाजला! गालावर लाली आली त्याच्या.

"रविवारीच दाखवणार होतो," तो म्हणाला. "पण आता काय लपवायचं. चला दोघं. लूथर, तूही चल. साक्षीदार हवाच."

चर्चमागच्या दफनभूमीत गेलो. टेकाडावर, टिंगल घराण्याच्या जागेत, ताडपत्रीखाली काहीतरी उभं होतं. गोठ्याएवढं. खोटं वाटेल, पण त्याच्या सावलीत तीन गाड्या लागल्या असत्या.

"डोळे मिट, ओलेटा," होबर्ट म्हणाला आणि ताडपत्री ओढली.

नवराबायकोचा थडग्यावरचा जोडदगड जिवंतपणीच करून ठेवायची आमच्याकडे रीत आहे. नावं, जन्मसाल, रेघ, आणि पुढची जागा कोरी. त्यात कुणाला नवल नाही. डॉयल-ओलेटाचाही आहे, खालच्या ओळीत, झाडाखाली. पण हा जोडदगड नव्हता. वर मधोमध हातभर अक्षरांत 'टिंगल'. त्याच्याखाली होबर्टचं नाव, द्राक्षांच्या वेलीसकट. आणि त्याच्याखाली ओळीनं चार रकाने.

पहिला: आयना, त्याची पहिली बायको, दोन्ही सालं भरलेली.

दुसरा: क्लिओटा, त्याची दुसरी, दोन्ही सालं भरलेली.

तिसरा: ओलेटा. जन्मसाल, रेघ, आणि कोरं.

मी टोपी काढली. का काढली, सांगता येत नाही. ओलेटाच्या तोंडाचा आ झाला तो मिटेचना. एक माशी आत जाऊन, सगळीकडे बघून, परत आलेली मी या डोळ्यांनी पाहिली.

"कसा आहे?" होबर्टनं विचारलं.

"मी," ओलेटा म्हणाली, "मी अजून हो म्हटलेलं नाही."

"म्हणणारच आहेस ना! खाणवाल्याला घाई होती."

"आणि हा?" तिनं चौथ्या रकान्यावर बोट ठेवलं. त्यावर काहीच नव्हतं. नुसता गुळगुळीत चकचकीत दगड, त्यात तिचाच चेहरा दिसत होता.

"तो होय," होबर्ट खाकरला. "तीन रकाने एका बाजूला कललेले दिसतात म्हणे. आणि तसं म्हटलं तर, माणसानं सावध असलेलं बरं."

टेकाडावर इतकी शांतता पसरली, की खाली डॉयलनं कूस बदलली असती तर ऐकू आलं असतं.

मला वाटलं ती आता किंचाळेल, नाहीतर ताडपत्रीनं त्याला बडवेल. पण ओलेटानं विचारलं ते भलतंच.

"होबर्ट, तुम्ही ते बटण का नाही दाबलं?"

"कुठलं बटण?"

"शेजारी लाल पट्टीवर लिहिलं होतं."

"ते? वाचलं मी." तो हसला. "पण म्हटलं, मेलेल्या माणसानं मला गाडी शिकवायची?"

ओलेटाचं तोंड मिटलं. तिचा धक्का ओसरला तो त्या क्षणी, आणि होबर्टचा सुरू झाला.

"दोन मेलेल्यांच्या रांगेत मला जिवंत उभी करतोस," ती म्हणाली, आणि 'तुम्ही' कुठल्या कुठे गेलं, "आणि माझ्या मेलेल्याचं एक वाक्य तुला ऐकवत नाही? रविवारपर्यंत कशाला थांबू? आजच ऐक. नाही."

"अगं, पण दगड कोरून झालाय!"

"मग काप."

होबर्ट मटकन आयनाच्या पायाशी बसला. अर्ध्या तासानं मी त्याला हात धरून उठवला. तेव्हाही तो तेच पुटपुटत होता, कोरून झालाय, कोरून झालाय.

रविवारी केक आले ते आलेच. बायकांनी खाल्ले, आणि प्रत्येक घासागणिक डीकनकडे बघून चारपर्यंत मोजलं. सोमवारी त्यानं दगड कापायला परवानगी दिली.

गिअरबॉक्स मी स्वतः उघडला. नव्या प्लेटा, नवं ऑइल, थंड करायला वेगळी जाळी. मग एका सकाळी क्रेननं तो डोंगर उचलून जाडजूड ट्रेलरवर चढवला आणि ट्रकला जोडला. "मी चालवते," ओलेटा म्हणाली. मी शेजारी बसलो. तिनं बटणावरची धूळ अंगठ्यानं पुसली आणि दाबलं. गाडी एकदाही किंचाळली नाही. एल्बर्टनपर्यंत तिसऱ्या गिअरमध्ये, इतक्या संथ गेलो, की वाटेत एका कासवानं आम्हाला मागे टाकलं आणि वळून पाहिलं.

खाणीतल्या करवतीनं दगड मधोमध उभा कापला. आयना-क्लिओटाचा अर्धा टेकाडावर परत गेला. वरचं मोठं नाव मात्र मधोमध होतं ना. तिथे आता 'टिंग' एवढंच वाचता येतं. खोटं वाटत असेल तर जाऊन बघा.

उरलेल्या अर्ध्यातून ओलेटानं दोन तुकडे करून घेतले आणि स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी पायऱ्या म्हणून बसवले. तिच्या नावाचा खाली, नाव जमिनीकडे करून. कोरा वर. सकाळी ती खालच्या पायरीवर कॉफी घेऊन बसते आणि मी गाडीची तब्येत विचारायला जातो. गाडीला काहीही होत नाही. तरी जातो.

परवा ती म्हणाली, "लूथर, रोज येतोस. मनात काय आहे ते सांगून टाक."

"फार काही नाही. थोडंसंच आहे."

"तुम्हा पुरुषांचं थोडंसं मी बघितलंय. खरं किती?"

"मग दुप्पट धर."

तिनं कॉफीचा घोट घेतला. अंगणातल्या ट्रककडे पाहिलं. मग जरा बाजूला सरकून तिनं माझ्यासाठी वरची कोरी पायरी थोपटली.

"बटण दाबून," ती म्हणाली. "आणि हळू."