मादामची मान

माझी सवत काळी होती, वाटोळी होती आणि तिच्या मधोमध भोक होतं. तरी माझा नवरा तिला मलमलीच्या फडक्याने पुसायचा. मला त्याने कधी मलमल आणली नाही. आणलं ते जपानी रेशीम, तेही अंगावर ठरेना.

आमच्या खाडीकाठच्या राजिवड्यात निम्म्या घरांतले पुरुष बोटीवर. कुणी खलाशी, कुणी भट्टीत कोळसा टाकणारा आगवाला. आमचे मालक मोठ्या विलायती बोटीच्या सलूनमध्ये, म्हणजे साहेबलोकांच्या बैठकीत, खाणंपिणं द्यायचं काम करत. नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात, पण सारखं ‘हे’ आणि ‘ते’ लिहिलं तर वाचणाऱ्याचा गोंधळ व्हायचा, म्हणून सांगून टाकते. त्यांचं नाव वजीर. माझं आसिया.

लग्नाला दोन-तीन वर्षं झाली होती, तेव्हाची गोष्ट. मुंबईहून विलायतेला जाणाऱ्या त्यांच्या बोटीवर एक पियानो वाजवणारी बाई चढली. तिकडे लोक तिकिटं काढून तिला ऐकायला जात म्हणे. सगळे तिला मादाम म्हणत. दुपारी सलून रिकामं झालं की ती रियाजाला बसायची. समोरच्या सुरांच्या वहीची पानं उलटायला तिच्यासोबत एक मुलगी होती, पण ती पहिल्याच लाटेला आडवी झाली. मादामने इकडेतिकडे पाहिलं. कपबशा गोळा करत होते आमचे वजीर. तिने त्यांनाच बोलावलं.

वहीतले ते काळे ठिपके वजीरना काय कळणार? मादामने तोड काढली. पान उलटायची वेळ आली की ती मान हलवायची. मग यांनी पान उलटायचं. विलायत येईपर्यंत रोज दुपारी हेच. पुढे तिकडच्या एका दुकानाच्या काचेत यांना मादामचा फोटो दिसला आणि तिची तबकडी घेऊनच हे घरी आले. तबकड्या वाजवायचा चावीचा फोनो मागच्या फेरीत आणला होताच.

“ती मना मान हालवायची,” ओटीवर बसून त्यांनी सगळ्या मोहल्ल्यासमोर सांगितलं, आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“मान हालवायची म्हणजे?” पाहुणे गेल्यावर मी विचारलं.

“तसा काय नाय गो. ती मान हालवायची, मंग मी पान उलटायचो.”

“दाखवा कशी हालवायची ती.”

त्यांनी हनुवटी जराशी खाली घेतली, परत वर. झालं.

“एवढीशी? एवढीशी मान तुमच्या ध्यानात रवली, आणि काल मीठ आणायला सांगितलेलं इसरलांव?”

ते हसले. मी हसले नाही. परक्या बाईने माझ्या नवऱ्याकडे बघून मान हलवावी आणि त्याने ती समुद्र ओलांडून घरी आणावी, हे मला त्या वयात तरी पचणारं नव्हतं. तबकडीला मी ‘सवत’ म्हणायला लागले. मोहल्ल्यातल्या बायका ‘काय गो, सवत बरी हाय ना?’ म्हणून विचारायच्या.

नोकरी संपवून वजीर कायमचे घरी आले तेव्हा आम्ही दोघंही पिकलो होतो. दर शुक्रवारी जुम्म्याची नमाज पढून, जेवून ते फोनो उघडायचे. लोखंडी पिना लढाईच्या दिवसांत मिळेनाशा झाल्या, तेव्हा त्यांनी करवंदीचे काटे वाळवून वापरायला सुरुवात केली होती. काटा बारीक तासायचा, चावी भरायची, तबकडी पुसायची. मग दाराच्या चौकटीला टेकून बसायचं.

तबकडीवर एकच चीज होती. शोपाँ नावाच्या कुणा पोलंड मुलकातल्या माणसाने रचलेली. बिचारा छातीच्या रोगाने तरुणपणीच गेला, असं वजीर नातलगाबद्दल बोलावं तसं सांगायचे. ती चीज इतकी लांब की एका बाजूत मावायची नाही. मध्येच तोडून उरलेली दुसऱ्या बाजूवर घातलेली. सुरुवात खालच्या सुरांत, कुणीतरी थकून जिना चढत असल्यासारखी. मग एक सूर काहीतरी विचारल्यासारखा यायचा, आणि उत्तर न मिळाल्यासारखा पुन्हा यायचा. मी आत मुद्दाम भांडी आपटायचे. पण भांडी आपटायची तर कुठे आपटायची ते कळायला ऐकावं लागतं. रागाने ऐकून ऐकून मला ती चीज पाठ झाली. पहिली बाजू संपायला आली की वजीर स्वतःशीच मान हलवायचे, हनुवटी खाली, परत वर, आणि उठून तबकडी उलटायचे. ते दिसलं की मी एखादं पातेलं जास्त जोरात आपटायचे.

एकदा शेजारचे आप्पा तीच चीज दुसऱ्या कुणी वाजवलेली घेऊन आले. आप्पा पोस्टात होते. त्यांचा मेव्हणा मुंबईला, त्याने दिलेली. हा वाजवणारा पुरुष होता आणि मोठा नामवंत, असं आप्पा म्हणाले. वाजलीही झपाझप, कुठे अडखळणं नाही. आप्पांनी खूश होऊन वजीरकडे पाहिलं.

वजीरनी काटा उचलून बाजूला ठेवला. मग म्हणाले, “हात चांगला हाय. पण आप्पा, हा इसम एकटाच बसून वाजवतोय.”

“मग? पियानो काय चौघांनी वाजवायचा?”

“तसा नाय. मादाम वाजवते ना, तेव्हा कळतं, बाजूला कोणतरी उभा हाय.”

आप्पांना ते पटलं नाही. मला आतून एकदम वाटलं, खरं आहे. सवत असली म्हणून काय झालं, वाजवावं तर तिनेच. अर्थात हे मी तोंडाने कबूल केलं नाही.

छप्पन साली थंडीत, सकाळी विहिरीवर नमाजाआधी हातपाय धुऊन वजू करताना वजीर कोसळले. उजवं अंग गेलं, वाचा गेली. डॉक्टर आले, डोळ्यांत उजेड टाकून बघितलं, म्हणाले, “जीव वाचला. समज कितपत राहिली आहे, ते मात्र आज सांगता येत नाही. कदाचित सगळं कळत असेल, कदाचित काहीच नाही.”

हे ‘कदाचित’ माझ्या उरावर बसलं. हाताने भरवलेली पेज ते गिळायचे, पण डोळे छपराच्या वाशांवर. मी समोर गेले तरी नजर माझ्यावरून घसरून पलीकडच्या भिंतीवर जायची. हात दाबा म्हटलं, दाबला नाही. पापणी मिटा म्हटलं, पापणी आपल्या वेळेला मिटायची. दर्ग्याचा धागा बांधला, फुंकलेलं पाणी पाजलं. भेटायला येणारे त्यांच्या उशाशी बसून त्यांच्याबद्दल असे बोलायचे, जसे ते घरात नाहीतच. एकाने तर कबरीच्या जागेचं काढलं. त्याला मी चहा न देता घालवला.

मला त्यांनी उठून चालावं असं नको होतं. बोलावं असंही नको होतं. जन्मभर हा माणूस समुद्रावर होता, मी वाट पाहिली. आता अंथरुणावर असताना त्याला एवढं कळावं, की समोर बसली आहे ती आसिया आहे. बस, एवढंच.

घरात मी आणि सून इशरत. मुलगा इद्रीसही बोटीवरच. इशरत माझ्या भावाचीच मुलगी, म्हणून मला फुफी म्हणते. एक दिवस ती हळूच म्हणाली, “फुफी, ती प्लेट लावून बघूया?”

“नको.”

“का पण?”

“माझा हात वळखत नाय, नि तिचा वळखणार? वळखलान तर मी काय करू, ते सांग!”

इशरत उठून चुलीकडे गेली. बोलून गेले आणि मलाच रडू आलं. भीती खरी तीच होती. तबकडीने काही झालं नाही तर वाईट, आणि झालं तर त्याहून वाईट. तीस वर्षं माझ्या हातचं जेवलेला माणूस परक्या बाईच्या बोटांनी जागा व्हायचा, आणि मी पेजेची वाटी धरून बघत बसायची.

पुढच्या शुक्रवारी अजान झाली. वाटेने पुरुष मशिदीकडे निघाले, चपलांचे आवाज दारावरून गेले. वजीरचे डोळे वाशांवरच. मी वाटी खाली ठेवली आणि म्हटलं, जाऊ दे आसिया, नवरा मोठा की हट्ट मोठा? इशरतला म्हटलं, काढ ती अवदसा.

फोनोला मी तोवर हात लावला नव्हता. चावी कमी पडली, आणि मादाम म्हशीसारखी रेकायला लागली. इशरतला हसू आवरेना. मी वजीरकडे बघून म्हटलं, “बघा, तुमची मादाम म्हातारी झाली.” त्यांचा चेहरा ढिम्म. चावी पुरती भरली, नवा काटा तासला, तबकडी मलमलीने पुसली आणि पुन्हा लावली.

जिना चढणं सुरू झालं. मी त्यांच्या उशाशी उभी राहिले आणि त्यांच्या तोंडाकडे एकटक बघत राहिले. डोळ्यांत पाणी नाही, ओठ हलला नाही. सूर विचारायला लागला, पुन्हा विचारायला लागला. काही नाही. भांडी आपटायच्या माझ्या सगळ्या जागा एकेक करून निघून गेल्या. मला वाटलं, संपलं, डॉक्टरांच्या ‘कदाचित’मधलं दुसरंच खरं.

बाजू संपायला आली आणि वजीरची हनुवटी जराशी खाली गेली. परत वर आली.

काटा आत घसरून खरखर करायला लागला. मी जागची हलले नाही.

“फुफी, बघितलंस?” इशरत ओरडली.

“उचकी असंल,” मी म्हटलं, पण लगेच काटा उचलला. तीच बाजू पहिल्यापासून लावली. पुन्हा सगळा जिना, पुन्हा सगळे प्रश्न, आणि पुन्हा त्याच जागेला, सूर तुटायच्या जरा आधी, हनुवटी खाली, परत वर. तबकडी उलटली. दुसरी बाजू शेवटपर्यंत गेली. तिथे मान हलली नाही. पुढे उलटायला काही नव्हतंच.

इशरत आनंदाने आप्पांना सांगायला पळाली. मी तिथेच खाली बसले. समज आहे, हे कळलं होतं. पण मनातला काटा निघेना. जागे झाले ते मादामसाठीच ना? मग मी बोटीवरची ती दुपार डोळ्यांपुढे आणली. मी पाहिलेली नाही, पण इतक्यांदा ऐकलेली. पियानोशी मादाम. बाजूला वजीर. मान कोण हलवायची? ती. पान कोण उलटायचे? हे.

आणि आज मान कुणी हलवली? यांनी.

अंग चालत असतं तर ते नेहमीसारखे स्वतः उठले असते. अंग चालत नव्हतं म्हणून त्यांनी खूण केली होती. खूण माणूस तबकडीला करत नाही. बाजूला कुणीतरी उभं आहे हे माहीत असलं, तरच करतो. बाजूला मी उभी होते.

हे सुचलं तेव्हा मी पदर तोंडात धरून रडले. पण मी जात्याच संशयी. दुसऱ्या दिवशी वाटायला लागलं, सवय असेल. इतक्या शुक्रवारांची मान, आपोआप हलत असेल. आसिया, तुला हवं तसं तू जुळवून घेते आहेस.

तीन-चार दिवसांनी दुपारची मी त्यांच्याजवळ तांदूळ निवडत बसले होते. फोनो बंद, वर कापड घातलेलं. खाली मिरकरवाड्याची मासेवाली ओरडत चालली होती. सहज वर पाहिलं तर वजीरचे डोळे वाशांवर नव्हते. माझ्यावर होते. मी बघते आहे असं दिसल्यावर त्यांनी हनुवटी जराशी खाली घेतली. परत वर.

मी आधी वेड्यासारखं फोनोकडे पाहिलं. मग त्यांच्याकडे नीट पाहिलं. सकाळी कामाच्या घाईत मी त्यांना डाव्या अंगावर निजवलं होतं, आणि नंतर वळवायला विसरले होते. खालचा खांदा दबून लाल झाला होता.

सूप बाजूला ठेवलं. एक हात मानेखाली घातला, एक कमरेखाली, आणि त्यांना हळूच दुसऱ्या कुशीवर वळवलं. खांद्याला खोबरेल चोळलं. त्यांनी मोठा श्वास सोडला.

“बरोबर उलटला ना?” मी विचारलं. “का मादामची ती पानं उलटणारी पोरगी बरी होती?”

तोंडाची जी बाजू चालत होती, ती हलली. हसणं अर्धंच होतं, पण मी ते ओळखते.

मग मी फोनोवरचं कापड काढलं, मलमलीचं फडकं घेतलं आणि सवतीला पुसायला बसले.