‘बाबांचा चष्मा’ या विषयाखाली

माझ्या मोठ्या दिरांना जे सापडत नाही, ते त्यांच्या मते जगातच नसतं. घरी समोर ठेवलेलं मीठ दिसत नाही, ऑफिसात मेल दिसत नाही, आणि दोन्हीकडे आरडाओरडा तोच, ‘नाहीये म्हटलं ना! नीट बघितलंय मी!’ सगळे त्यांना दादा म्हणतात म्हणून मीही म्हणते. मनात काय म्हणते ते लिहिण्यासारखं नाही.

आमचा दरवाजे-खिडक्यांचा कारखाना, बाबांनी म्हणजे माझ्या सासऱ्यांनी उभा केलेला. दादा तिथले साहेब, माझा नवरा त्यांच्या मागे नंदीबैलासारखा मान हलवणारा, नणंद, म्हणजे ताई, ड्रॉइंग करणारी, आणि जुन्या मेल, कागदपत्रं यांचं आर्काइव्ह माझ्याकडे. एका हॉस्पिटलला आम्ही वॉर्डचे दरवाजे दिले. ते बसवले, रंगवले, आणि पेशंटचा पलंग काही आत जाईना. माप कोणी कमी केलं, हॉस्पिटलने विचारलं. दादांनी सरळ बहिणीवर खापर फोडलं.

मग बैठक झाली. ताईंपुढे कागद ठेवला होता: चूक माझी, मी काम सोडते. खाली फक्त सही करायची. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी या कारखान्यात घातली, आणि असला डाग घेऊन बाहेर पडल्यावर त्यांना दुसरीकडे कोण उभं करणार होतं?

‘दादा, तूच मेल केली होतीस, रुंदी कमी कर म्हणून,’ ताई म्हणाल्या.

‘मग दाखव ना!’

दाखवणार कशी? सकाळीच या शहाण्याने त्यांचा मेलबॉक्स बंद करून टाकला होता. वर मोठेपणाचा आव आणून स्वतः आर्काइव्ह उघडलं, भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनवर. ‘विषय’ या रकान्यात एका बोटाने ‘हॉस्पिटलचे दरवाजे’ टाइप केलं. काही सापडलं नाही. ‘बघा बाबा! आहे का?’ चेहरा असा, की जणू बोर्डात पहिला आला.

‘सही कर बाई, विषय मिटव,’ बाबा म्हणाले. ताईंनी पेन उचललं. माझा नवरा पाण्याच्या ग्लासात बघत बसला होता. काय दिसत होतं कोण जाणे.

माझं डोकंच फिरलं. ‘सरका दादा,’ म्हटलं आणि कीबोर्ड ओढून घेतला.

या माणसाने आयुष्यात कधी नवीन मेल लिहिलेली नाही. ज्याला काही कळवायचं असेल त्याची शेवटची आलेली मेल उघडायची, तिलाच उत्तर द्यायचं, आणि त्यात वाटेल ते खरडायचं. विषय तोच जुना राहतो. कामगारांची पगारवाढ आमच्याकडे ‘प्रिंटर बिघडलाय’ या विषयाखाली सापडते. आणि हे विषय टाकून शोधणार! धन्य आहे.

मी विषयाचा रकाना रिकामा केला. पाठवणारा: दादा. कोणाला: ताई. तारखा, हॉस्पिटलचं काम आल्यापासून दरवाजे तयार होईपर्यंतच्या. अटॅचमेंट असलेल्याच मेल. मोजक्याच ओळी आल्या. त्यात एक होती, ‘बाबांचा चष्मा’.

‘अगं, ती घरगुती आहे,’ दादा म्हणाले. मी उघडली.

‘चष्मा दुकानातून आणलाय. दरवाज्यांची रुंदी सोबतच्या ड्रॉइंगप्रमाणे कमी कर, पत्रा वाचेल.’ खाली ताईंचं उत्तर, ‘दादा, पलंग जाणार नाही.’ त्यावर साहेब, ‘सांगितलं तेवढं कर.’

मी स्क्रीन आणखी खाली सरकवली, कारण उत्तरांची साखळी अजून संपली नव्हती. सीसीमध्ये माझ्या नवऱ्याचं नाव होतं. आणि त्याचं उत्तरही, ‘ताई, दादा म्हणतोय तसं कर ना. उगाच वाद नको.’

मी ताईंकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली. त्यांना सगळं माहीत होतं. याला साक्षीला उभं करता आलं असतं, पण माझ्याकडे बघून त्या गप्प राहिल्या होत्या. मला भरून आलं, आणि मग असा संताप आला म्हणता!

‘बंद कर ते आता,’ बाबा म्हणाले. ‘घरातली गोष्ट घरात राहू दे.’

‘बाबा, पलंग हॉस्पिटलात अडकलाय, घरात नाही,’ मी म्हटलं. हॉस्पिटलच्या इंजिनिअरचा पत्ता टाकला आणि अख्खी साखळी फॉरवर्ड केली. दादा ‘अगं अगं’ करत उठेपर्यंत गेलीसुद्धा. ताईंनी पेन खाली ठेवलं.

तेव्हा कुठे माझ्या नवऱ्याला कंठ फुटला. सख्खी बहीण कामावरून जात होती तेव्हा ज्याच्या तोंडून शब्द निघाला नव्हता, तो माझ्या कानाशी वाकला.

‘अगं,’ तो म्हणाला, ‘निदान माझं नाव तरी खोडायचं होतंस.’