धर्माच्या डोळ्याची जाड भिंत

मी धर्माच्या उजव्या डोळ्याची पांढरी भिंत बोलतेय. लोक बुबुळाची तारीफ करतात; माझ्याकडे लक्ष जातं ते मी लाल झाल्यावर. पुढची पारदर्शक काच माझी सख्खी शेजारीण, कडेने मलाच जोडलेली. तिचा तोरा मी बेचाळीस वर्षं सांभाळलाय.

धर्मा किन्हवली ते शहापूर जीप चालवतो. मागे गावात आमदार साहेबांच्या वाढदिवसाचं नेत्रशिबिर भरलं. भाषणं दोन तास, तपासणी माणशी एक मिनिट. यंत्राने काचेवर हवेची फुंकर मारली, दाबाचा आकडा मोठा आला आणि कार्यकर्त्याने थेट माईकवर सांगितलं, "आपल्या शिबिरातला पहिला काचबिंदू, धर्मा. जोरदार टाळ्या."

दुसऱ्या दिवशी जीप रिकामी.

"तुला दिसत नाय, आमी बसायचं कसं?" मंगळ्या म्हणाला. त्याला स्वतःला दहा पावलांवरची म्हैस दिसत नव्हती.

धर्मा एकेक डोळा झाकून मैलाचे दगड वाचू लागला. घरी बायकोकडे, रखमीकडे, टक लावून बसायचा.

"काय बघता एवढं?"

"काय नाय. बघून ठेवतो."

तेव्हा मी भिजले.

रखमीनेच त्याला ओढत शहापूरला डॉक्टर पौर्णिमांकडे नेलं. त्यांनी दाब पुन्हा मोजला, मागची नस बघितली, नजरेचा घेर तपासला. मग माझी जाडी मोजली. जन्मात पहिल्यांदाच कुणीतरी माझी चौकशी केली.

"काचबिंदू नाही," त्या म्हणाल्या. "नस ठणठणीत आहे. फुंकर मारली की पुढची काच आत दबते. किती दबेल, ते मागची भिंत किती जाड आणि ताठ आहे यावरही असतं. तुमची भिंत जाड. काच कमी दबली, यंत्राला वाटलं आत दाब जास्त. दर वर्षी दाखवत जा."

"म्हंजे चूक भिंतीची?"

"चूक घाईची."

आठवड्यात नाक्यावर साहेबांच्या फोटोचा बॅनर लागला: 'साहेबांच्या शिबिरामुळे धर्माची दृष्टी वाचली.' तो वाचून पाशिंजर परत आले. डॉक्टरांचा कागद धर्माने सगळ्यांना दाखवला होता, तो कुणी वाचला नव्हता.

महिन्याभराने धर्माने बॅनर उतरवला आणि टपावरच्या भाताच्या पोत्यांवर ताणून बांधला. साहेब आता रोज आभाळाकडे तोंड करून शहापूरला जातात.

माझं मागणं मोठं नाही. कुणाच्या डोळ्यांत बघाल तेव्हा कडेच्या पांढऱ्यावरही नजर टाका. नाही टाकलीत तरी मी काच धरून आहेच.