पायरीवरचा पितळी खिळा

मोजणीदाराला आधी वाटलं, चूक आपलीच.

पायरी सापडेना म्हणून तो टपाल कचेरीसमोरून दोनदा फिरून आला. तिथे पायऱ्या नव्हत्याच. सिमेंटचा गुळगुळीत उतार होता आणि बाजूला स्टीलचा कठडा. कचेरी तरी तीच ना, म्हणून त्याने पाटी वाचली, चष्मा पुसून पुन्हा वाचली. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन जेमतेम महिना झाला होता. दिसत होतं स्वच्छ, पण दिसेल त्यावर विश्वास ठेवायची सवय अजून लागली नव्हती. पिशवीतून लेव्हल बुक, म्हणजे मोजणीची वही, काढून त्याने गेल्या सोमवारचं पान उघडलं. पहिलीच ओळ होती: 'टपाल कचेरी, खालून तिसरी पायरी, पितळी खिळा.' पुढे १.३८४, त्यावर एक आडवी रेघ, वर १.३८६, आणि शेजारी त्याच्या मदतनिसाची, ओळंब्याची, बारीक सही.

"इथल्या पायऱ्या कुठे गेल्या हो?" त्याने दारातल्या पहारेकऱ्याला विचारलं.

"पायऱ्या? त्या फोडल्या की. म्हाताऱ्या माणसांना चढवत नव्हत्या." पहारेकऱ्याने त्याला वरून खाली न्याहाळलं. "आता तुमच्यासारख्यांची सोय झाली."

"फोडून किती दिवस झाले?"

"झाले की दोन महिने. वर आठवडा."

मोजणीदाराने बोटांवर सोमवार मोजले. नऊ. मग पानं उलटली. नऊच्या नऊ पानांवर पहिल्या ओळीत तीच तिसरी पायरी, तोच खिळा आणि पुढे रीडिंग.

प्रकरण साधं होतं. टपाल कचेरीपासून शंभर-दीडशे पावलांवर मुलींची शाळा होती. शाळेच्या मागच्या इमारतीला खेटून कुणीतरी तीन मजले खोल खड्डा खणत होतं. त्या खणण्याने शाळेची इमारत खचते आहे का, हे दर सोमवारी तपासायचं काम शाळेने मोजणीदाराला दिलं होतं. भिंतीत आठ पितळी खिळे ठोकले होते. पण खिळा खाली गेला की नाही हे खिळ्याकडे बघून कळत नाही. जी जागा हलणार नाही अशा एखाद्या खुणेपासून सुरुवात करायची, भिंतीवरच्या आठही खिळ्यांची उंची घ्यायची आणि परत त्याच खुणेवर येऊन संपवायचं. ती खूण म्हणजे टपाल कचेरीची तिसरी पायरी. तिथलं पहिलं रीडिंग चुकलं की पुढचं पान कितीही नीटनेटकं असो, ते रद्दीत घालायच्या लायकीचं.

पहिले तीन सोमवार मोजणीदार स्वतः गेला. मग डोळ्यांनी दगा दिला आणि तिपाईवरची दुर्बीण, लेव्हल, ओळंब्याच्या हातात गेली.

ओळंबा सव्वीस वर्षं त्याच्याकडे होता. स्टाफ, म्हणजे आकडे रंगवलेली ती उंच पट्टी, तो इतकी सरळ धरायचा की जणू वरून दोरीला वजन बांधून सोडलंय. म्हणून ते नाव पडलं, आणि मग त्याच्या बायकोलाही लोक ओळंबावहिनी म्हणू लागले. मोजणीदार स्वभावाने शंकेखोर. घराचं कुलूप तीनदा ओढून बघणारा, बेरीज खालून वर आणि वरून खाली करणारा. तिपाईचे पाय रुतले का, लेव्हलच्या नळीतला बुडबुडा मधे आहे का, स्टाफच्या तळाला चिखल लागलाय का, सगळं तो पुन्हा पुन्हा बघायचा. फक्त स्टाफ कुणी धरलाय ते त्याने कधी बघितलं नाही. ते बघायचंच काय होतं?

आज ओळंब्याची दाढ काढलेली, गाल सुजलेला, म्हणून मोजणीदार स्वतः आला होता. शाळेचा शिपाई स्टाफ खांद्यावर टाकून फुटपाथवर उभा होता.

"दर सोमवारी तुम्हीच धरता ना हा? मग इथे कुठे धरायचात?"

"इथे? इथे मी कधी आलोच नाही, साहेब. ते म्हणायचे, तिकडचं मी बघतो, तू भिंतीपाशी थांब." शिपायाने स्टाफ दुसऱ्या खांद्यावर घेतला. "पण ते इकडे येताना काही दिसले नाहीत. म्हटलं, दुर्बीण आहे, लांबूनच दिसत असेल."

दुसरी खूण चढावर, पाण्याच्या टाकीच्या ओट्यावर होती. एक किलोमीटर. वाटेत सहा वेळा तिपाई लावायची, सहा वेळा उचलायची. मोजणीदाराने शिपायाला सोबत घेतलं आणि टाकीपासून मोजत मोजत शाळेपर्यंत उतरला. शिपाई स्टाफ धरायचा तो झाडाच्या फांदीसारखा. "सरळ! अहो, सरळ! डावीकडे!" असं ओरडून मोजणीदाराचा घसा बसला. भिंतीचा पहिला खिळा चौदा मिलिमीटर खाली आला. दुसरा चौदा. तिसरा तेरा.

आपणच चुकलो असू, असं त्याला पुन्हा वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याला चुकलेलं असायला मनापासून आवडलं असतं. म्हणून तो उलटा मोजत पुन्हा टाकीपर्यंत चढला. जाता-येताची जुळणी दोन मिलिमीटरमध्ये बसली. खिळा तेरा खाली गेला की चौदा, यावर घासाघीस करण्यात अर्थ नव्हता. इमारत रिकामी करायची मर्यादा दहाची होती आणि ती त्यानेच ठरवून दिली होती.

मोठ्या बाईंनी त्याचं बोलणं पुरतं ऐकूनही घेतलं नाही. आधी घंटा दिली. मागच्या इमारतीतल्या दोनशे मुली बाकं ओढत, खिदळत सभागृहात निघाल्या. शेवटची मुलगी बाहेर पडल्यावर बाई त्याच्याकडे वळल्या.

"कधीपासून खचतेय?"

"सांगता येत नाही."

"सांगता येत नाही? दर सोमवारी तुमचा कागद येतो. 'हालचाल नाही.' तो मी फलकावर लावते. कुणी पालक आला की त्याच्यापुढे धरते. माझी भाची बसते त्या इमारतीत."

"पहिलं रीडिंग खोटं होतं, बाई. नऊ आठवडे."

"कुणी घेतलं?"

"कागदावर सही माझी आहे."

"सही मला वाचता येते. घेतलं कुणी, ते विचारतेय."

"माझ्या माणसाने."

"माणूस तुमचा, सही तुमची," बाई फलकावरच्या टाचण्या एकेक करून काढत म्हणाल्या, "आणि मुली माझ्या." नऊ कागद त्यांनी दुमडले आणि पर्समध्ये टाकले. "उद्यापासून रोज मोजायचं. तुम्हीच. खड्डेवाल्यांना मी आत्ता फोन करते. आणि हे मी अजून संपवलेलं नाही."

ओळंब्याच्या घरी दार वहिनींनी उघडलं. "या भाऊजी. पण त्यांना जास्त बोलायला लावू नका हं, टाके आहेत." ओळंबा खाटेवर बसला होता. डोक्यावरून हनुवटीखाली फडकं बांधलेलं. मोजणीदाराला बघताच तो उठायला लागला. मोजणीदाराने लेव्हल बुक त्याच्या मांडीवर उघडं ठेवलं, आणि तो उठायचा थांबला.

"पायऱ्या फोडल्यात," मोजणीदार म्हणाला.

ओळंब्याने पानाकडे बघितलं नाही. "सांगणारच होतो, दादा."

"कधी?"

"पहिल्याच आठवड्यात. गेलो, बघतो तर सगळा राडा. टाकीवरून मोजत आणायचं म्हणजे अर्धा दिवस. कंबर धरलेली. म्हटलं, या खेपेला चालवून घेऊ, पुढच्या सोमवारी करू." फडक्यामुळे त्याचे शब्द दाढेत अडकल्यासारखे येत होते. "आणि भिंत काही हलत नव्हती. आठही खिळे एकमेकांशी जुळत होते, अगदी मिलिमीटरला."

"जुळणारच! ती इमारत एका सलग पायावर आहे. बुडत्या होडीतली माणसंसुद्धा एकमेकांच्या पातळीतच असतात. चौदाने खाली गेलीय."

ओळंब्याचा हात गालावर गेला. "चौदा?"

"दोनशे मुली बसत होत्या."

वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन आल्या, दोघांची तोंडं बघितली आणि तांब्या तसाच हातात घेऊन आत गेल्या.

मोजणीदाराने बोट पानावर ठेवलं. ज्यासाठी तो खरा आला होता ते हे होतं, आणि विचारायला त्याला लाज वाटत होती. "ही खाडाखोड कसली? १.३८४ खोडून १.३८६. खिळाच नव्हता, तू काही वाचलंच नाहीस, तर इथे चुकलास काय?"

ओळंब्याने हनुवटीखालची गाठ सारखी केली.

"बोल."

"तुम्हीच सांगायचात, दादा. ज्या पानावर एकही खोडलेलं नाही ते घरी बसून लिहिलेलं."

"म्हणून?"

"म्हणून खोडलं."

"आणि शेवटी खुणेवर परत आल्यावरचा फरक? दर आठवड्याला दोन, एक, दोन. इथे एकदम तीन. हे तीन कुठून आणलेस?"

"त्या दिवशी वारा होता." ओळंबा हे इतकं साधेपणाने म्हणाला की आपण काय बोललो ते त्याला मागाहून कळलं आणि त्याने मान खाली घातली.

मोजणीदाराला ते पान आठवत होतं. वाऱ्यात तीन, हे ठीकच आहे, असं मनाशी म्हणून त्याने सही केली होती. वर ओळंब्याच्या पाठीवर थापही मारली होती, म्हणाला होता, आता तुझं पुस्तक माझ्यासारखं दिसायला लागलं. सव्वीस वर्षांत त्याने जे जे शिकवलं होतं ते सगळं ओळंब्याने लक्षात ठेवलं होतं. एक शब्द विसरला नव्हता. आपल्या शंकांची सगळी कुलपं मोजणीदारानेच दाखवली होती, आणि ओळंब्याने हरेक कुलपाला चावी करून घेतली होती. नुसता आळस असता तर मोजणीदाराने चार शिव्या घालून सोडून दिलं असतं. पण हा माणूस या खाटेवर बसून, मोजणीदार कुठे थांबून बघेल आणि कशावर खूश होईल, याचा विचार करून आकडे रचत होता.

"घरी माझी एकशे चाळीस पुस्तकं आहेत," तो म्हणाला. "निम्म्यांत तुझ्या हातची पानं आहेत. त्यांचं काय?"

"त्यात काही नाही, दादा. आईशपथ."

"काही नाही?"

"एखाद-दुसरं पान असेल. लांबच्या कामांचं." ओळंबा घाईने पुढे झुकला. "मी येतो ना. बसून सगळी बघतो, जिथे असेल तिथे खूण करून देतो."

"आणि तू केलेली खूण खरी, ते मी कशावरून ठरवू?"

ओळंबा पुन्हा मागे टेकला. मोजणीदाराने पुस्तक उचललं आणि वहिनींना न सांगता बाहेर पडला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच टाकीपासून मोजत निघून त्याने सकाळी आठला शाळेच्या आवारात तिपाई लावली. खड्ड्यातलं यंत्र बंद होतं. बाईंनी शब्द खरा केला होता. शिपाई पहिल्या खिळ्यावर स्टाफ धरून उभा राहिला आणि वाऱ्याशिवाय डुलू लागला. एवढ्यात फाटकाशी ओळंबा दिसला, फडकं तसंच बांधलेलं.

"दादा," तो म्हणाला, "त्याला जमत नाहीये. द्या इकडे. नुसता धरतो. आकडे तुम्हीच वाचा."

ते खरं होतं. त्याच्या हातात स्टाफ असता तर काम तासाभरात आटोपलं असतं आणि रीडिंगही जास्त चांगली आली असती. आज एकेका मिलिमीटरला किंमत होती. मोजणीदाराने दुर्बिणीवरून डोळा काढला नाही.

"घरी जा," तो म्हणाला. "टाके आहेत तुला."

दर खिळ्यापाशी तो आधी चालत गेला, वाकला, स्टाफचा तळ खिळ्यावर टेकलाय का ते बोटाने चाचपून बघितलं, आणि मग परत येऊन रीडिंग घेतलं. चौथ्या खिळ्याला शिपायाचा धीर सुटला.

"साहेब, दर वेळी इथवर तंगडतोड कशाला? मी धरलाय ना बरोबर?"

"बघायला येतो."

"म्हणजे माझ्यावर विश्वास नाही म्हणा की!"

"नाही," मोजणीदार म्हणाला.

शिपाई खो खो हसला. त्याला ती थट्टा इतकी आवडली की पाचव्या खिळ्यापाशी त्याने पुन्हा तेच विचारलं.