जात्यावरची अर्धी ओवी

झरीच्या दगडाबाईनं दोन वर्षं जात्यावर ओवी म्हटली नव्हती. पहाटे एकटीच खुंटा धरायची, ओठ मिटून ओढायची. चुकून पहिली ओळ निसटलीच, तर समोरच्या रिकाम्या जागेतून दुसरी ऐकू यायची. धाकट्या जावेच्या, दैवशालाच्या आवाजात.

दैवशाला तर दुधना नदीच्या पुरात गेलेली. तान्हं लेकरू पटकीनं गेलं आणि आठव्या दिवशी ती घरातून निघाली. प्रेत सापडलं नाही. कणकेचा पुतळा करून तिच्या नवऱ्यानं, सूर्यभाननं, त्यालाच अग्नी दिला. ती कणीक दगडाबाईनंच दळली होती.

आणि आज हैदराबादच्या युनिव्हर्सिटीच्या दवाखान्यातून, मनाच्या आजारांच्या खात्यातून, डॉक्टर कल्याणराव आले होते. मूळचे गंगाखेडचे. ओट्यावर बसून त्यांनी वही काढली.

"दोन वर्षांमागं पूर्णा स्टेशनावर एक बाई सापडली, ती आमच्या दवाखान्यात आहे. नाव सांगत नाही, गाव सांगत नाही. तुमच्याकडली एक बाई त्याच दिवसांत हरवली म्हणे."

"हरवली न्हाई, मेली," सूर्यभान म्हणाला. "तेरावं घातलं, गाव जेवलं. दुसरं लगीन केलं मी. आता काय भुताला घरात घेऊ?"

"घरचं कुणी नाव सांगून अंगठा दिला तरच तिला सोडता येतं. नाहीतर जन्मभर तिथंच."

"मंग ऱ्हाऊ द्या की. सरकारची भाकर कुणाला वंगाळ लागती?"

डॉक्टरांनी वहीचं पान उलटलं. "आमचे मोठे डॉक्टर म्हणतात, रोग्याचं बोलणं लिहिता तसं त्याचं गप्प बसणंही लिहा. म्हणून लिहिलंय. पहाटे उठते. भुईवर बसून हात गोल फिरवते. बारा सेकंद गप्प. मग एकच ओळ." आणि कोर्टाचा हुकूम वाचावा तशी त्यांनी ती वाचली, "पीठ पडे भवतीनं, जसं चांदणं अंगणात."

दाराआड सूप वाजत होतं, ते थांबलं.

"असल्या ओव्या गावोगाव हायत," सूर्यभान म्हणाला.

ही नव्हती. ही दोघी जावांनी याच जात्यावर जुळवलेली, एकीची एक ओळ. दगडाबाई पदर सारून बाहेर आली.

"वहिनी, तुमी आत जा."

ती सोप्यातल्या जात्यापाशी बसली. "डॉक्टरसाब, तुमचं घड्याळ लावा." मग डोळे मिटून, दोन वर्षांचा गंजलेला गळा उघडून तिनं ओढून म्हटलं,

"जात्याच्या खुंट्याला गं, माझा हात तुझा हात..."

आणि थांबली. दुसरी ओळ म्हटली नाही.

डॉक्टर घड्याळाकडं बघत राहिले. "बारा," ते हळू म्हणाले. "म्हणजे ती गप्प नव्हती. पहिली ओळ ऐकत होती."

"माझी जाऊ हाय. दैवशाला नाव. अंगठा कुठं उठवू?"

"वहिनी, तिला अग्नी दिलाय मी."

"कणकेला दिला, भावजी. कणीक मी दळलीवती. मीच माघारी मागायले."

सूर्यभान उठून रानाकडं गेला.

पाचव्या दिवशी पहाटे दवाखान्याच्या फरशीवर दगडाबाई जावेसमोर बसली. दैवशालाचे केस कापलेले. नजर खाली, हात गोल फिरत होता. दगडाबाईनं पहिली ओळ म्हटली.

हात थांबला. दुसरी ओळ आली नाही.

"लय येळ लावला, जाऊबाई," दैवशाला खालीच बघत म्हणाली. "रिकामंच फिरवायले मी. रिकामं जातं फिरवू न्हाई म्हणतेत." मग आवाज अजून खाली गेला. "लेकरू निजलं का?"

कल्याणरावांनी सवयीनं, गप्प बसणं मोजायला, खिशात हात घातला, पण घड्याळ बाहेर काढलं नाही.

दगडाबाईनं पदराची गाठ सोडली. घरून आणलेली मूठभर ज्वारी फरशीवर, त्या हातापाशी ओतली आणि पलीकडून त्या नसलेल्या खुंट्याला आपलाही हात लावला.

"निजलंय, बाई," ती म्हणाली. "हळू ओढ."