नाल्याच्या वरचं पाणी

गोजरबाईंचा नेम साधा: सकाळी गोदामाईत अंघोळ, तिथलंच तांब्याभर पाणी महादेवाला, मगच तोंडात घास. दिवाळी सरली, कारखाने ऊस गाळायला लागले आणि घाटावरचं पाणी काकवीसारखं तांबडं झालं. आंबूस वास सुटला, मासे पोट वर करून काठाला लागले. काठालगतच्या विहिरीतही तोच वास. बाई मनातल्या मनात क्षमा मागत आणि तेच पाणी पिंडीवर घालत.

त्याहून मोठा घोर लेकीचा. चांगुणा पैलतीरी, औरंगाबाद जिल्ह्यात दिलेली. पहिलटकरीण, सातवा सरत आलेला. तिचे सासरे रंभाजी नाव चालवायचे. त्यांनी साफ सांगितलं, "तुमच्या काठच्या मळीच्या पाण्यावर माझी सून बाळंत व्हायची न्हाई."

"आमचीच मळी कशावरून?" गोजरबाई हळूच म्हणाल्या. "तुमच्या काठाला रंगारी हायेत की."

"बसा नावंत. नदीलाच इचारू."

गोजरबाईंचे यजमान सहादू काठावरून ओरडले, "व्याही, तिला पवता येत न्हाई! भांडताना जरा जपून!"

नाव प्रवाहाविरुद्ध वर निघाली. वळणावळणाला बाई तांब्या बुडवून वास घेत. रंगाऱ्यांचा घाट मागं पडला, तरी पाणी तेवढंच तांबडं.

"सुटले बिचारे रंगारी," रंभाजी मिशीत हसले.

पुढं गोजरबाईंच्याच, नगरच्या काठानं एक नाला फेसाळत नदीत उतरत होता. त्याच्या वरच्या अंगाला नाव गेली आणि तांब्यात नितळ पाणी आलं. नाव काठाला लागताच बाईंनी तिथला गोटा उभा केला, महादेव म्हणून त्यावर धार धरली. मग पदर सावरून स्वतःच म्हणाल्या, "व्याही, घाण आमच्याच काठाची. गावात मीच सांगते. दोन्ही गावं मिळून कारखान्यावर जाऊ. पण माझी लेक..."

सकाळपासून जिंकायला निघालेल्या रंभाजींनी वल्हं आडवं ठेवलं.

"जाऊच. पर कारखाना काय उद्याच नाला बंद करतोय? बाळ थांबतंय व्हय? आमची विहीर टेकावर हाय, चोख. विहीनबाई, तुमीच या आमच्याकडं."

"लेकीला मूल होईस्तवर तिच्या घरचं पाणी आईनं कसं प्यावं?"

रंभाजींनी मुंडाशात बोट घालून डोकं खाजवलं. "घरचं कोन पाजतंय? ही नदी काय माझ्या बापाची हाय? रोज हितवर नाव आनतो, घागर भरून देतो. महादेवाचं बी त्यातच भागवा."

"अन् जेवण?"

"शिधा तुमचा, चूल तुमची. भांडण तेवढं आमच्या घरचं खावा!"

गोजरबाई पदराआड हसल्या. "घागर नीट घासून ठेवायला सांगा चांगुणेला," म्हणाल्या आणि लगेच थबकल्या. "नको, नको. तिला वाकायला लावू नका. मी आल्यावर घाशीन."